काळी पडलेली बाटली लपवू नका

पाणी चांगले की वाईट हे ठरविण्याच्या आपल्या खेड्यांतील कसोट्या फार जुन्या आहेत. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, जे जिभेला गोड लागते आणि ज्याचा तळ दिसतो, ते पाणी उत्तम असे आपण मानतो. या कसोट्या खोट्या नाहीत. डाळ न शिजणे ही पाण्यातील क्षारांची खूण आहे आणि गढूळपणा ही मातीची. परंतु पटकी, विषमज्वर, आमांश व अतिसार यांपैकी एकाही रोगाचे जंतू या कसोट्यांना सापडत नाहीत. ज्या विहिरीच्या गोड पाण्याचा सारा गाव अभिमान बाळगतो, त्याच विहिरीतून पहिल्या पावसानंतर घरोघर अतिसार पोचू शकतो. आणि त्या वेळीही पाण्याचा तळ स्वच्छ दिसत असतो.

या न दिसणाऱ्या जंतूंना दिसावयास लावणारे एक साधन आज ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवता येण्याइतके साधे झाले आहे. कागदाची एक औषधी पट्टी घातलेली ही छोटी बाटली होय. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर त्या पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला असल्याचा दाट संशय घ्यावा लागतो. ही बाटली गावोगाव पोचत असताना तिच्याबद्दलची एक चुकीची समजूतही तिच्याबरोबर पोचत आहे. काळी पडलेली बाटली म्हणजे गावाची बेअब्रू, असे समजून ती लपविण्याकडे पुष्कळ ठिकाणी कल दिसतो. ही समजूत घातक आहे, आणि ग्रामकार्यकर्त्यांनी ती प्रथम स्वतःच्या मनातून व नंतर गावाच्या मनातून काढून टाकली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत पटावे म्हणून ही बाटली कोणत्या विद्येतून निर्माण झाली, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे थोडे समजून घेऊ.

जंतूंची पेरणी

आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा जंतू सुमारे २ मायक्रॉन लांबीचा असतो. म्हणजे असे ५०० जंतू एकापुढे एक ठेवले तर १ मिलिमीटर लांबी भरेल. सूक्ष्मदर्शकातून तो दिसतो खरा, परंतु निरुपद्रवी जंतू आणि विषमज्वराचा जंतू हे दोन्ही तेथे सारख्याच आखूड काड्यांसारखे दिसतात. अनोळखी बी मुठीत घेऊन त्याचे वाण सांगता येत नाही. ते पेरावे लागते, उगवू द्यावे लागते, मग पानावरून ओळख पटते. जंतुशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. जंतूंना मानवेल असे अन्न तयार करून त्यावर त्यांची पेरणी करावयाची, उबदार जागी ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी काय उगवले ते पाहावयाचे. या अन्नाला संवर्धन माध्यम म्हणतात. अनुकूल माध्यमात ई. कोलाय सुमारे दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या हिशेबाने एका जंतूचे ७ तासांत सुमारे २० लाख जंतू होतात. जो एकटा असताना कोणाच्याही दृष्टीस पडला नसता, त्याच्या वंशजांचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दुसऱ्या सकाळी उघड्या डोळ्यांना दिसतो.

जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास घट्ट माध्यमावर जंतू वाढविण्याची रीत घालून दिली. प्रारंभी त्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या वापरल्या, नंतर जिलेटिन वापरले. परंतु जंतू ज्या उष्णतेत उत्तम वाढतात त्या ३७ अंश सेल्सिअसला जिलेटिन वितळून जाते. ही अडचण फॅनी हेसे या गृहिणीने सोडविली. त्यांचे पती कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असत. मुरंबे व जेली घट्ट करण्यासाठी घरात वापरली जाणारी, समुद्रशैवालापासून काढलेली अगर-अगर त्यांनी सुचविली. ती ३७ अंशांस वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना ती पचवताही येत नाही. आज जगातील प्रत्येक जंतुशाळेत अगर वापरली जाते. स्वयंपाकघरातील अनुभव शास्त्राच्या किती उपयोगी पडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

कॉख यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. पटकीचा शोध घेत ते १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आले, आणि १८८४ साली तेथील एका तलावाच्या पाण्यात त्यांना पटकीचे स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू आढळले. त्या तलावाच्या काठी राहणारी माणसे त्याच पाण्यात कपडे धूत व तेच पाणी पीत असत. रोग आणि पाणी यांचे नाते अशा रीतीने आपल्याच भूमीवर प्रत्यक्ष दिसून आले.

शेतातील तण आणि माध्यमातील तण

साध्या पोषक माध्यमावर मात्र एक नवी अडचण उभी राहते. त्यावर सर्वच जंतू उगवतात. खत भरपूर दिलेल्या शेतात पिकाबरोबर तणही माजते, त्याप्रमाणे मातीतील व हवेतील असंख्य निरुपद्रवी जंतूंच्या गर्दीत आतड्यांतील जंतू हरवून जातात. तेव्हा तण दबून जाईल आणि हवे तेच वाढेल, असे माध्यम पाहिजे होते.

ते तयार करण्याचे श्रेय इंग्लंडमधील आल्फ्रेड मॅकाँकी यांच्याकडे जाते. सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करण्यासाठी तेथे एक राजकीय आयोग नेमला होता. त्याच्या कामाच्या निमित्ताने मॅकाँकी आतड्यांतील जंतूंचा अभ्यास करीत होते. त्यांचा विचार सरळ होता. जे जंतू आतड्यांत राहतात त्यांना पित्ताची सवय असणार. इतरांना ती नसणार. म्हणून त्यांनी १९०० साली माध्यमात पित्तक्षार घातले. पुष्कळसे बाहेरचे जंतू त्यामुळे खुंटले आणि आतड्यांतील जंतू सुखाने वाढले. दुसरी युक्ती त्याहून सुंदर होती. माध्यमात त्यांनी दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि आम्लाने रंग बदलणारे द्रव्य घातले. प्रारंभी हे द्रव्य लिटमस होते; १९०५ पर्यंत त्याच्या जागी न्यूट्रल रेड आले. ई. कोलाय ही साखर आंबवितो, आम्ल तयार होते आणि त्याचा ठिपका गुलाबी-लाल होतो. विषमज्वराच्या व आमांशाच्या जंतूंना सामान्यतः ती साखर आंबविता येत नाही. त्यांचे ठिपके बिनरंगी राहतात. जे दोन जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसत होते, ते आता दुरूनही वेगळे ओळखू येऊ लागले.

पुढील सर्व माध्यमे याच दोन तत्त्वांवर उभी आहेत: नको ते दाबावे आणि हवे त्यास रंगाने बोलते करावे. १९३५ साली लायफसन यांनी आमांश व विषमज्वर यांच्या जंतूंसाठी डिऑक्सिकोलेट व सायट्रेट यांचे माध्यम सुचविले. पटकीच्या जंतूंसाठी जपानमध्ये १९६३ साली एक अल्कधर्मी माध्यम पुढे आले. त्यात लॅक्टोजऐवजी उसाची साखर असते आणि पटकीचा जंतू ती आंबवून पिवळा ठिपका उमटवितो. प्रयोगशाळेत आजही ही माध्यमे नित्य वापरली जातात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. रोगाचे जंतूच ओळखता येत असतील, तर विहिरीच्या पाण्यात सरळ तेच का शोधीत नाहीत? याचे कारण असे की रोगी माणसाच्या विष्ठेतून ते येतात. गावात रोगी नसेल तर ते नसतात, आणि असले तरी पाण्यात विरळ असल्याने नमुन्यात सापडतीलच असे नाही. उलट ई. कोलाय हा निरोगी माणसाच्या व जनावरांच्याही आतड्यांत विपुल असतो. तो पाण्यात मिळाला म्हणजे विष्ठेला पाण्याकडे येण्याची वाट मोकळी आहे, हे सिद्ध झाले. आज त्या वाटेने निरुपद्रवी जंतू आले. उद्या गावात एखादा रोगी आला की त्याच वाटेने रोग येईल. कुंपणाला पडलेले खिंडार शेतकरी लगेच बुजवितो. गुरे आत शिरेपर्यंत थांबत नाही. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, अशी मर्यादा घातली आहे.

ग्वाल्हेरची बाटली

प्रयोगशाळेतील परीक्षा खात्रीची असते. पण नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, शक्यतो २४ तासांच्या आत तेथे पोचवावा लागतो. डोंगरातील वाडीला किंवा पावसाळ्यात तुटलेल्या रस्त्याच्या गावाला हे सोपे नाही. या अडचणीवर ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपा उपाय प्रसिद्ध केला. पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट, लोहाचा एक क्षार व थोडे प्रक्षालक यांचे संहत माध्यम त्यांनी घडी केलेल्या कागदाच्या पट्टीत जिरवून बाटलीतच वाळविले. बाटलीत २० मिलिलिटर पाणी ओतले की माध्यम आपोआप तयार होते. आतड्यांतील कित्येक जंतू या माध्यमात हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. तो लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळे होते. सूक्ष्मदर्शक, वीज, निष्णात तंत्रज्ञ यांपैकी कशाचीही गरज नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना झाली, आणि अशा बाटल्यांचा प्रसार वाढला.

परीक्षा करताना पुढील काळजी घ्यावी. बाटलीवरील मुदत पाहावी. हात साबणाने धुवावेत. झाकणाच्या आतील बाजूस व बाटलीच्या तोंडास बोट लावू नये. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावावे व बाटलीवर ठिकाण, तारीख व वेळ लिहावी. बाटली ३० ते ३७ अंश उष्णतेत राहील अशा जागी ठेवावी. थंडीच्या दिवसांत ती कापडात गुंडाळून उबेला ठेवणे आवश्यक आहे. निकाल २४ तासांनी व पुन्हा ४८ तासांनी पाहावा. उकळून थंड केलेल्या पाण्याची एक बाटली तुलनेसाठी शेजारी ठेवल्यास निकालावर विश्वास बसतो. परीक्षा झालेल्या बाटलीत जंतूंची मोठी संख्या असते. म्हणून तिच्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून, काही वेळाने ते खड्ड्यात पुरावे. ती मुलांच्या हाती पडू देऊ नये.

एकच बाटली विहिरीची घेण्यापेक्षा तीन बाटल्या घ्याव्यात: विहिरीची, नळाच्या शेवटच्या तोटीची आणि एखाद्या घरातील हंड्याची. विहीर स्वच्छ व तोटी काळी असेल, तर दोष नळाच्या सांध्यात किंवा गळक्या व्हॉल्व्हपाशी आहे. दोन्ही स्वच्छ व हंडा काळा असेल, तर दोष पाण्यात बुडणाऱ्या हातात आहे. तेथे लांब दांड्याचे ओगराळे हाच उपाय.

बाटली कोणावर आरोप करीत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बाटली काळी पडली म्हणजे सरपंचास विरोधकांची भीती वाटते, जलसुरक्षकास ठपक्याची भीती वाटते आणि ज्याच्या गोठ्याजवळ विहीर आहे त्यास शेजाऱ्यांच्या बोलण्याची भीती वाटते. मग कोणी ती बाटली फेकून देतो. कोणी विहिरीत आधी भरपूर औषध टाकून दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेतो आणि स्वच्छ निकालाची नोंद करतो. कागद स्वच्छ होतो; विहीर मात्र तशीच राहते. चार दिवसांनी औषधाचा अंश संपतो आणि विष्ठेची वाट पूर्वीइतकीच मोकळी असते. ही फसवणूक वरिष्ठांची होत नाही. ती त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या आपल्याच लेकरांची होते. अतिसाराने अंगातील पाणी झपाट्याने निघून जाते आणि तान्ह्या मुलास ते सहन होत नाही. चार दिवसांच्या अब्रूसाठी ही किंमत कोणत्याही गावाने देऊ नये.

आमच्या वाडवडिलांनी हेच पाणी प्यायले व ते दीर्घायुषी झाले, असे कोणी म्हणतील. जे दीर्घायुषी झाले त्यांचीच आपण आठवण ठेवतो. पटकीच्या साथीत एका आठवड्यात ओस पडलेल्या घरांची आठवण सांगावयास कोणी उरले नाही. शिवाय विहीर तीच असली तरी तिच्या भोवतालची वस्ती पूर्वीची राहिलेली नाही. घरे दाट झाली, शौचालयांचे शोषखड्डे जवळ आले, गोठे विहिरीला भिडले. शौचालये झाली हे उत्तमच झाले. परंतु खड्डा व विहीर यांत निदान १५ मीटर अंतर असावे. आपल्या काळ्या पाषाणात भेगा असतील तेथे एवढे अंतरही पुरे पडेलच असे नाही. ते पुरते की नाही हे तर्काने ठरत नाही, बाटलीने ठरते.

दुसरे कोणी म्हणतील की पाण्याला औषधाचा वास येतो म्हणजे ते शुद्धच आहे. वासावर विसंबू नये. ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात व ओलसर जागी तो उडून जातो. मग पांढरी भुकटी विहिरीत पडते, पण जंतू मरत नाहीत.

शेतातील मातीची परीक्षा करून घेताना आपणास संकोच वाटत नाही. मातीत स्फुरद कमी निघाले म्हणून कोणी शेतकऱ्यास नावे ठेवीत नाही. तो कमी आहे हे कळले, म्हणजे खत देता येते. पाण्याच्या परीक्षेकडे याच दृष्टीने पाहावे. बाटली कोणावर आरोप करीत नाही; ती फक्त दुरुस्तीची जागा दाखविते. म्हणून आमची सूचना अशी की परीक्षेचा निकाल, मग तो कोणताही असो, ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लिहावा आणि त्याखाली काय उपाय केला तेही लिहावे. वर्षभर ज्या गावाची एकही बाटली काळी पडली नाही त्याच्याइतकाच, ज्या गावाने काळी बाटली जाहीर करून दोष दूर केला त्याचाही गौरव झाला पाहिजे. पंचायत समितीच्या व आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनीही काळ्या निकालाबद्दल कार्यकर्त्यास धारेवर धरू नये; जाब विचारावयाचा तो उपाय न केल्याबद्दल विचारावा. खरे सांगणाऱ्यास शिक्षा होऊ लागली की सर्वत्र स्वच्छ निकाल येऊ लागतात, आणि अशा स्वच्छ निकालांतूनच साथीची बातमी एके दिवशी अकस्मात येते.

काळी बाटली निघाल्यावर

प्रथम गावास पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी आणि त्याच रात्री विहिरीचे निर्जंतुकीकरण करावे. गोल विहिरीतील पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली व ३.१४ यांचा गुणाकार करून ४ ने भागावे. मीटरमध्ये मापे घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर खोल असेल, तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे किमान प्रमाण धरल्यास सुमारे ७० ग्रॅम पावडर लागेल. पाणी मलिन असल्यास अधिक लागेल. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व पाणी चांगले ढवळावे. एका तासाने पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला आहे की नाही हे तपासावे. तो उरला नसेल तर मात्रा अपुरी पडली असे समजावे.

औषध हा तात्पुरता उपाय होय. त्यानंतर दिवसाच्या उजेडात विहिरीभोवती फिरून वाट शोधावी. कठडा फुटला आहे काय, धुण्याचे पाणी परत विहिरीत झिरपते काय, उकिरडा वा गोठा चढाच्या बाजूस आहे काय, शोषखड्डा किती अंतरावर आहे, हे पाहून दोष दूर करावा. औषधाचा अंश संपल्यावर पुन्हा बाटली लावावी. तोच खरा निकाल. पहिल्या पावसानंतर, पूर ओसरल्यावर आणि नळाची दुरुस्ती झाल्यावर परीक्षा चुकवू नये.

या परीक्षेच्या मर्यादाही गावास सांगितल्या पाहिजेत. स्वच्छ राहिलेली बाटली हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. काविळीचे विषाणू या माध्यमात वाढत नाहीत. नायट्रेट व फ्लोराइड यांचा तिला पत्ता लागत नाही. पटकीचा जंतूही ती ओळखून दाखवीत नाही. उलटपक्षी, काही खोल कूपनलिकांच्या पाण्याला मुळातच कुजक्या अंड्यांसारखा वास असतो. असे पाणी जंतू नसतानाही बाटली काळी करू शकते. म्हणून संशय येईल तेथे, आणि ठरलेल्या मुदतीने सर्वच ठिकाणचे, नमुने प्रयोगशाळेत पाठविलेच पाहिजेत. बाटली ही गावाच्या वेशीवरील राखणदार आहे. न्यायनिवाडा प्रयोगशाळेने करावयाचा आहे.

राखणदाराने हाक दिली असता त्याचे तोंड दाबणे हा शहाणपणा नव्हे. एका गृहिणीची सूचना, सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची युक्ती आणि ग्वाल्हेरच्या संशोधकांचे परिश्रम यांतून ही हाक आपल्या दारापर्यंत आली आहे. ती ऐकणे, गावास ऐकविणे आणि त्याच दिवशी हातात बादली व फावडे घेणे हे ग्रामकार्यकर्त्याचे काम आहे. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गावाने आपल्या फलकावर पाण्याच्या निकालासाठी एक जागा राखून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.